लाडके गाणे प्रत्यक्ष ऐकताना रडू का येते?

आपण विचारले आहे की, घरी असंख्य वेळा ऐकलेले एक भावगीत दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात प्रत्यक्ष ऐकताना आपल्याला रडू आवरले नाही, आणि त्याच प्रसंगाचे मोबाइलवर केलेले चित्रीकरण नंतर पाहताना मात्र काहीच वाटले नाही, असे का व्हावे. शेजारच्या लोकांसमोर रडल्याची लाज वाटली, असेही आपण लिहिले आहे. त्यात लाजण्यासारखे काहीही नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात जे आठ सात्त्विक भाव, म्हणजे मनातली भावना शरीरावर उमटल्याच्या खुणा, सांगितले आहेत, त्यांत रोमांच, स्वरभंग आणि अश्रू हे तिन्ही आहेत. ते नटाच्या संदर्भात आले असले, तरी मन एकाग्र झाल्याखेरीज ते प्रकट होत नाहीत, हे तिथले म्हणणे श्रोत्यालाही लागू पडते असे मला वाटते.

मुंबईतील नाट्यगृहांत मी वर्षानुवर्षे भावगीतांचे आणि अभंगांचे कार्यक्रम ऐकत आलो आहे. श्रोत्यांचे डोळे गाण्यातील सर्वांत आर्त ओळीवर भरतात असा आपला समज असतो, पण पुष्कळदा ते त्याच्या बरेच आधी भरतात. निवेदकाचे बोलणे संपते, हार्मोनियमवर किंवा बासरीवर सुरुवातीचा तुकडा वाजतो, पहिल्या दोन-तीन सुरांतच सभागृहाला गाणे ओळखू येते आणि गायकाने तोंड उघडण्याआधीच रुमाल बाहेर निघतात. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्वतःच्या आवडीचे, अंगावर काटा आणणारे संगीत ऐकणाऱ्यांच्या मेंदूची तपासणी केली होती. डोपामिन हे सुखाच्या जाणिवेशी जोडलेले द्रव्य केवळ परमोच्च क्षणी नव्हे, तर त्या क्षणाची चाहूल लागतानाही, मेंदूच्या वेगळ्या भागात स्रवते, असे त्यांना आढळले.

चाहूल तर घरीही लागते, मग फरक कुठे पडतो? ध्वनिमुद्रित गाण्यात पुढचा क्षण ठरलेला असतो, रंगमंचावर तो ठरलेला नसतो. गायिका मुखड्याआधी एखादा आलाप घेते, एखादा शब्द जरा उशिरा सोडते, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायला वेळ लावते, आणि गाणे तोंडपाठ असूनही आपण श्वास रोखून वाट पाहतो. संत सोयराबाईंचा ‘अवघा रंग एक झाला’ हा अभंग किशोरी आमोणकर मैफलीत गात, तेव्हा एकच ओळ त्या पुन्हा पुन्हा वेगळ्या अंगाने मांडत. श्रोत्यांना शब्द ठाऊक असत, चाल ठाऊक असे, तरीही पुढे काय येणार हे कुणालाच ठाऊक नसे.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते, आणि ते म्हणजे वय. विलेपार्ल्याच्या दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहात एका ज्येष्ठ गायकांचा कार्यक्रम मी ऐकला होता. त्यांनी पट्टी उतरवून घेतली होती, तरी अंतऱ्यातील वरचा स्वर लागेना, म्हणून ते क्षणभर थांबले. त्याबरोबर कुणीही न सुचवता प्रेक्षागृहाने ती ओळ हलक्या आवाजात उचलली आणि पूर्ण करून त्यांच्या हाती परत दिली. माझ्या पुढच्या रांगेतील एक काका गात होते आणि त्याच वेळी रडत होते. त्या आवाजाने आपल्या तारुण्याला सोबत केलेली असते, आणि तो थकलेला ऐकताना आपलीही गेलेली वर्षे एकदम समोर उभी राहतात. त्यातच, जे गाणे आपण एकट्याचे समजत होतो, ते शेजारच्या अनोळखी माणसालाही पाठ आहे असे कळते.

कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे कार्यक्रम जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये झाले, तेव्हा रडणाऱ्या तरुणांची चित्रफीत पाहून आमच्या पिढीतील अनेकांनी नाके मुरडली. ते मला मुळीच पटले नाही. मनगटावर उजळणारे पट्टे बांधून हजारोंनी एक ओळ एका आवाजात म्हणणे आणि पार्ल्यातील त्या श्रोत्यांनी अंतरा उचलून धरणे, यांत मला फरक दिसत नाही.

आता आपल्या चित्रीकरणाविषयी. त्यात गायक कुठे थांबणार, हे आपल्याला आधीच माहीत आहे, भोवतालची माणसे नाहीत, आणि सभागृहात घुमणारा आवाज मोबाइलने चपटा करून टाकला आहे; शिवाय चित्रण करताना आपले निम्मे लक्ष मोबाइलच्या पडद्याच्या चौकटीकडे होते. ते बाजूला ठेवून मूळ ध्वनिमुद्रण एकदा पुन्हा ऐकून पाहावे, असे मी सुचवेन. प्रत्यक्ष कार्यक्रमानंतर ते मला नेहमी थोडे वेगळे ऐकू येते, कारण त्या संध्याकाळी गायकाने कोणता शब्द लांबवला होता, हे कानात राहिलेले असते.