इंजिन ठणठणीत असताना छोटं विमान चढत्या डोंगरावर कसं आदळतं?

पायलट नाक वर करून डोंगर का ओलांडत नाही, हा तुमचा प्रश्न. नाक वर करता येतं, पण विमान तेवढं चढेलच असं नाही.

समजा, चार आसनी विमान ७० नॉटने (ताशी सुमारे १३० किलोमीटर) जातंय आणि मिनिटाला ३०० फूट चढतंय. म्हणजे किलोमीटरमागे साधारण ४२ मीटर. दरीचा तळ किलोमीटरला ६० मीटर चढत असेल, तर पूर्ण थ्रॉटल देऊनही जमीन दर किलोमीटरला १८ मीटर जवळ येते. त्यात उन्हाची भर. ६,००० फुटांवर प्रमाण तापमान ३ अंश धरतात. तिथे २८ अंश असेल तर विमानाला हवा सुमारे ९,००० फुटांवरच्या इतकी विरळ मिळते आणि टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र) नसलेल्या इंजिनाची शक्ती पाऊणपटीवर येते.

मग मागे का वळत नाही? खरा घात इथेच होतो. ९० नॉटने, ३० अंश कलून उलटं वळायला सुमारे ७५० मीटर रुंदी लागते. १२० नॉटला जवळजवळ १,३५०. दरी तर आत अरुंद होत जाते. जागा अपुरी दिसली की पायलट जास्त कलतो आणि स्टिक ओढतो. ६० अंश कलून उंची राखायची तर पंखांवरचा भार दुप्पट होतो आणि ५० नॉटचा स्टॉल (ज्या वेगाखाली पंख विमान पेलू शकत नाहीत तो वेग) ७१ नॉटवर येतो. खाली सावरायला उंची नसते. त्यामुळे असे बरेच अपघात समोर आदळून नाही, वळता वळता कोसळून होतात.

डोळेही फसवतात. खरं क्षितिज दिसत नसलं की चढता उतारच सपाट वाटतो, नाक नकळत वर जातं आणि वेग घटतो. अशा वेळी नजर एअरस्पीड इंडिकेटरवर हवी.

माझं ठाम मत: खालून वर जाणाऱ्या अनोळखी दरीत कमी उंचीवर शिरूच नये. आधी बाहेर उंची घ्यावी आणि दरी वरच्या टोकाकडून उतरत बघावी. शिरायचंच असेल तर मधोमध उडू नये; एका कडेला, शक्यतो वारा डोंगरावर चढतो त्या बाजूला राहावं, म्हणजे वळायला दरीची पूर्ण रुंदी मिळते. वळण्याआधी वेग कमी करावा (वेग दुप्पट झाला तर वळणाची त्रिज्या चौपट होते), मात्र स्टॉलपासून पुरेसं अंतर ठेवून.

कडा ओलांडताना किमान १,००० फूट वर असावं, वारा २० नॉटच्या पुढे असेल तर २,०००. कड्याच्या वाऱ्याआडच्या बाजूला हवा खाली कोसळते आणि तिचा वेग विमानाच्या चढण्यापेक्षा जास्त असू शकतो. म्हणून कड्याकडे सरळ न जाता ४५ अंशांत तिरकं जावं. मग माघार घ्यायला पूर्ण उलटं वळावं लागत नाही, त्याच्या निम्मं वळण पुरतं. जाताना कड्यामागची जमीन अधिकाधिक दिसू लागली तर उंची पुरेशी आहे. ती कड्याआड दडत चालली असेल तर तिथूनच वळावं.