वहीच्या मागच्या पानांवर

*मावशी, चार महिन्यांपूर्वी मला ब्लड कॅन्सर निघाला, एएलएल. केमो चालू आहे. हॉस्पिटलमधल्या समाजसेविकेनं एका संस्थेचा मदतीचा अर्ज दिलाय, पण हे म्हणतात, ‘मी कमावतोय ना, कुणापुढे हात पसरायचा नाही.’ दिवसाची नोकरी सांभाळून त्यांनी रात्रपाळीही धरली आहे. एवढ्या कष्टाळू माणसाचं मन मोडू, की अर्ज फाडून टाकू? मुलांची काळजी नाही. अकरा वर्षांची थोरली फार समंजस झाली आहे, रात्री उठून माझा ताप बघते आणि गणिताच्या वहीत मागे लिहून ठेवते.*
*– कात्रीत सापडलेली*

अगं, कात्रीत कोण सापडलंय ते तू शेवटच्या ओळीत लिहिलंस, आणि त्याच्या आधी ‘मुलांची काळजी नाही’ असंही लिहिलंस!

त्या वहीपाशी मी अडले ती अजून तिथेच आहे. पुढून अपूर्णांक, मागून तारीख, वेळ, आकडा. 100.4 हा आकडा तर तिला पाढ्यासारखा पाठ असेल. केमोनंतर रक्तातल्या पेशींचे काउंट खाली गेले की 100.4, म्हणजे 38 सेल्सिअस, हा साधा ताप राहत नाही. तडक हॉस्पिटलला कळवायचं असतं, कारण लढायला पांढऱ्या पेशीच उरलेल्या नसतात आणि संसर्ग काही तासांत जिवावर बेततो. हे तिला कुणीतरी सांगितलंय, नाहीतर तिनं दाराआडून ऐकलंय. आपला डोळा लागला तर आई जाईल, असा हिशोब मांडून ते मूल जागतंय. याला तू समंजसपणा म्हणतेस? एएलएलचे उपचार दोन-तीन वर्षं चालतात, बाई. तोवर ती चौदाची होईल.

तुझ्या नवऱ्याला मदत नको, म्हणून तो रात्रपाळीला जातो, आणि घरातली रात्रपाळी ती पोर करते. म्हणजे तुमच्याकडे मदत घेणं चालूच आहे. देणारी अकरा वर्षांची आहे आणि तिच्याकडे अर्ज करावा लागत नाही, एवढंच.

हात पसरण्याचं म्हणशील, तर तुला प्लेटलेट्स चढल्या असतीलच. त्या पाच-सात दिवसांपलीकडे टिकत नाहीत. म्हणजे त्याच आठवड्यात कुणी अनोळखी माणूस तुझ्यासारख्या कुणासाठी खुर्चीत हात लांब करून बसला होता. तेव्हा तुझ्या नवऱ्यानं पिशवी परत पाठवली नाही ना? मग पैशानंच काय घोडं मारलंय!

या संस्थांमध्ये दया करायला बसलेले लोक असतात, असं त्याला वाटत असेल. अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला रक्त तयार करणारा मगज, देणाऱ्या परक्या दात्यांची जगातली पहिली नोंदवही 1974 साली शर्ली नोलन नावाच्या एका आईनं उभी केली, आपल्या आजारी मुलासाठी. त्याला जुळणारा दाता मिळाला नाही, 1979 मध्ये तो गेला. नोंदवही चालू राहिली आणि दुसऱ्यांची माणसं वाचवत राहिली. अशा कामामागे बहुतेकदा तुझ्यासारखंच एखादं होरपळलेलं घर असतं.

औषधं, तपासण्या, येण्याजाण्याचा खर्च, हॉस्पिटलजवळ राहायची सोय, मुलांना आजार समजावून सांगणारं माणूस, कुठली संस्था काय देते ते समाजसेविका सांगेल. पण तुला त्या पैशांतून विकत घ्यायचंय ते एकच: नवऱ्याच्या रात्री. बिलांचा भार थोडा जरी उतरला, तरी दुसरी पाळी सुटते.

तेव्हा अर्ज भर. सहीही तूच कर, पेशंट तू आहेस. आणि मुलीशी बोलायला जाणतं माणूस हवंय, हे समाजसेविकेला तोंडानं सांग, ते कागदावर लिहून भागायचं नाही.

उद्या सकाळी तो पाळीवरून आला, की थर्मामीटर त्याच्या हातात दे आणि वही मागून उघडून समोर ठेव. मन मोडेल त्याचं. मोडू दे.