101 वर उत्तर नाही, आणि दाव्याच्या मुदतीचे उरलेले दिवस

अग्निशमन केंद्राचा फोन कोणी उचलला नाही, बंब उशिरा आला, आता दाद कोणाकडे मागायची, या आशयाची पत्रे मला वारंवार येतात आणि त्यातली बहुतेक इतक्या उशिरा येतात की सहानुभूतीपलीकडे काही देता येत नाही. तुमचे 20 ऑगस्टचे पत्र जेमतेम वेळेत आले आहे. तुम्ही लिहिता की, 9 मार्चच्या रात्री तुमच्या कापडाच्या दुकानाला आग लागली, तुम्ही 101 वर तीन वेळा फोन केला, प्रत्येक वेळी घंटा वाजत राहिली, शेवटी 112 या आपत्कालीन क्रमांकावर उत्तर मिळाले आणि शेजारच्या तालुक्याचा बंब पाऊण तासाने पोहोचला, तोवर मागचे गोदामही गेले. त्यानंतरचे पाच महिने तुम्ही नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना निवेदने देण्यात, ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर तक्रार नोंदवण्यात आणि जिल्हाधिकारी कार्यालयातील लोकशाही दिनाला जाण्यात घालवले. तुमचा मुख्य प्रश्न असा आहे की, 101 या सेवेवर देखरेख कोणाची आणि नुकसानभरपाई कोणाकडून मिळेल. नगरपरिषदेची चूक झाली का, याची चर्चा तुम्ही पत्रात पुरेशी केली आहे, म्हणून तिकडे मी वळत नाही. तुमचे प्रकरण वेगळ्याच एका कलमावर टिकेल किंवा पडेल.

ते कलम म्हणजे महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 चे कलम 304. या अधिनियमाच्या अंमलबजावणीत केलेल्या कृतीबद्दल, किंवा त्या अंमलबजावणीत झालेल्या कथित दुर्लक्षाबद्दल वा कसुरीबद्दल, नगरपरिषदेवर दावा लावायचा असेल तर दोन अटी पाळाव्या लागतात. दाव्याचे कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे, आणि दाव्यापूर्वी लेखी नोटीस नगरपरिषद कार्यालयात पोहोचवून पुढे एक महिना उलटू दिला पाहिजे. तुमच्या ओळखीच्या कोणी तुम्हाला सांगितले आहे की हे कलम नगरपरिषदेने काही ‘केल्याबद्दल’ आहे, काही ‘न केल्याबद्दल’ नाही, आणि म्हणून तुम्हाला दिवाणी दाव्याची नेहमीची तीन वर्षे मिळतील. कृपया हा सल्ला तत्काळ बाजूला ठेवा. दुर्लक्ष व कसूर यांचा उल्लेख कलमातच आहे, आणि आग विझवणे व आगीच्या वेळी जीवित व मालमत्तेचे रक्षण करणे हे त्याच अधिनियमाच्या कलम 49 खाली नगरपरिषदेचे बंधनकारक कर्तव्य आहे. ते कर्तव्य पाळले नाही, हीच तुमची तक्रार असल्याने तुम्ही कलम 304 च्या कक्षेबाहेर राहू शकत नाही. (हेच प्रकरण महानगरपालिकेच्या हद्दीत घडले असते, तर 1949 च्या महानगरपालिका अधिनियमाचे कलम 487 आणि मुंबईत 1888 च्या अधिनियमाचे कलम 527 आडवे आले असते, आणि मुदत तीच असती.)

आता हिशेब पाहा. सहा महिने 9 सप्टेंबरला संपतात. नोटिशीचा एक महिना उलटल्याशिवाय दावा लावता येत नाही, म्हणजे आज नोटीस दिली तरी तो महिना 9 सप्टेंबरच्या पलीकडे जाणार. इथे मुदत अधिनियम, 1963 चे कलम 15(2) तुमच्या मदतीला येते, कारण कायद्याने आवश्यक असलेल्या नोटिशीचा काळ मुदतीच्या गणनेतून वगळावा असे ते सांगते, आणि कलम 29(2) मुळे हा नियम खास कायद्यांतील मुदतींनाही लागू होतो, जोवर त्या खास कायद्याने तो स्पष्टपणे वगळलेला नाही. त्यामुळे, समजा, तुम्ही 25 ऑगस्टला नोटीस दिली, तर 25 सप्टेंबर उलटल्यानंतर आणि 9 ऑक्टोबरपूर्वी दावा दाखल करण्यासाठी तुम्हाला जेमतेम दोन आठवडे मिळतात. नगरपरिषदेचे वकील या वाढीव महिन्यावर आक्षेप घेतील असे धरून चाला, आणि म्हणून शेवटच्या दिवसाची वाट न पाहता महिना संपताच दावा लावा. शेवटचा दिवस न्यायालयीन सुटीचा निघाला तर न्यायालय उघडेल त्या दिवशी दावा चालतो, परंतु या सवलतीवर आखणी करू नये.

विलंब माफ करून घेता येईल का, हे तुम्ही विचारले आहे. नाही. मुदत अधिनियमाचे कलम 5 अपिलांना व अर्जांना लागू होते, दाव्यांना होत नाही, त्यामुळे एक दिवसाचा उशीरसुद्धा कोणत्याही सबळ कारणाने माफ होऊ शकत नाही. तुम्ही निवेदनांत घालवलेले पाच महिनेही वजा होणार नाहीत. कलम 14 खाली जो काळ वगळला जातो तो अधिकारक्षेत्र नसलेल्या न्यायालयात सद्भावनेने चालवलेल्या कार्यवाहीचा असतो, आणि लोकशाही दिन किंवा तक्रार निवारण संकेतस्थळ हे न्यायालय नव्हे. जिल्हाधिकाऱ्यांनी तुमच्या अर्जावर ‘चौकशी करून अहवाल सादर करावा’ असा शेरा मारला, हे तुम्हाला आश्वासक वाटले, पण त्या शेऱ्याने तुमच्या मुदतीचा एक दिवसही थांबलेला नाही. हे मी कठोरपणे लिहितो, कारण पहिल्या आठवड्यात एका वकिलाला भेटला असता तर हा सगळा हिशेब मांडण्याची वेळ आली नसती.

नोटीस कशी द्यावी, यातही घाईत चुका होतात. ती नगरपरिषदेला, मुख्याधिकाऱ्यांमार्फत, कार्यालयात प्रत्यक्ष द्यावी, आवक क्रमांक व शिक्क्यासह पोच घ्यावी, आणि शिवाय पोचपावतीसह स्पीड पोस्टनेही पाठवावी. नगरपरिषदेवर त्या वेळी प्रशासक होता, म्हणून नोटीस प्रशासकाच्या नावे द्यावी का, हा तुमचा प्रश्न गैरलागू आहे. दावा नगरपरिषद या संस्थेवर लागतो, खुर्चीवर कोण होते त्याच्यावर नाही. नोटिशीत तुमचे नाव, राहण्याचा पत्ता, वकील असल्यास त्यांचे नाव आणि दाव्याचे कारण पुरेशा तपशिलाने असले पाहिजे. आग कधी लागली, कोणत्या क्रमांकावरून 101 ला किती वाजता फोन केले, 112 ला केव्हा केला, बंब केव्हा आला, काय जळाले आणि किती रकमेची मागणी आहे, एवढे त्यात हवे. तुम्ही यापूर्वी दिलेली निवेदने ‘नोटीस’ म्हणून चालतील का, यावर वाद होऊ शकतो. मी त्यांवर विसंबणार नाही, विशेषतः त्यांत भरपाईची मागणीच नसताना.

देखरेखीचा प्रश्न तुम्ही सर्वांत आधी विचारला आहे, आणि त्याचे उत्तर दावा कोणावर लावायचा हे ठरवते. 101 हा अग्निशमनाचा क्रमांक तुमच्या शहरात नगरपरिषदेच्या केंद्राशी जोडलेला आहे. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नागरी स्थानिक संस्थांच्या विषयांत आहे, त्यामुळे फोनजवळ माणूस बसवणे, लाइन चालू ठेवणे आणि आलेला प्रत्येक फोन नोंदवहीत घेणे, ही जबाबदारी नगरपरिषदेच्या खात्यावरच येते. राज्याचे अग्निशमन सेवा संचालनालय मार्गदर्शन व प्रशिक्षण करते, पण तुमच्या केंद्राच्या फोनवर माणूस बसवण्याचे काम त्याच्याकडे नाही. 112 मात्र राज्य पोलिसांची यंत्रणा आहे, तिचे मुख्य केंद्र नवी मुंबईत महापे येथे आणि दुसरे नागपूर येथे आहे, आणि रुग्णवाहिकेचा 108 राज्याच्या आरोग्य विभागाच्या अखत्यारीत येतो. तीन क्रमांक, तीन वेगळे मालक, आणि प्रत्येकाविरुद्ध दाव्याची वाट वेगळी.

म्हणून एक चूक विशेष टाळा. संतापाच्या भरात राज्य शासनालाही प्रतिवादी करण्याचा तुमचा विचार पत्रात दिसतो. शासनावर किंवा सरकारी अधिकाऱ्यावर त्याच्या पदाच्या कामाबद्दल दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस लागते, आणि तातडीच्या आदेशासाठी मिळणारी सवलत भरपाईच्या दाव्याला सहसा उपयोगी पडत नाही. 25 ऑगस्टपासून दोन महिने म्हणजे 25 ऑक्टोबर, आणि तोवर नगरपरिषदेविरुद्धची तुमची मुदत संपलेली असेल. शिवाय तुमच्याच म्हणण्याप्रमाणे 112 वर फोन लगेच उचलला गेला आणि माहिती पुढे दिली गेली. तिथे तुम्हाला प्रतिवादी नव्हे, साक्षीदार हवा आहे. मुख्याधिकाऱ्यांना व्यक्तिशः प्रतिवादी केल्यास तेही कलम 80 चा आक्षेप घेऊ शकतात, म्हणून दावा एकट्या नगरपरिषदेवर ठेवावा, असे माझे मत आहे.

पुराव्याच्या बाबतीत तुमचा निष्काळजीपणा मला खरोखर खटकला. तुम्ही मे महिन्यात मोबाइल बदलला आणि जुना देऊन टाकला, म्हणजे 101 ला केलेल्या तीन फोनांची तुमच्याकडील एकमेव नोंद गेली. हे क्रमांक निःशुल्क असल्याने तपशीलवार बिलात ते दिसतीलच असे नाही, आणि न उचललेला फोन दूरसंचार कंपनीच्या नोंदीत सापडेलच असेही मी सांगू शकत नाही. परवान्याच्या अटींनुसार कंपन्यांनी कॉलच्या नोंदी किमान दोन वर्षे जतन करायच्या असतात, त्यामुळे कंपनीला नोंदी जपून ठेवण्याचे पत्र आजच द्या आणि दावा लागताच त्या न्यायालयामार्फत मागवा. तुमची खरी भिस्त 112 च्या नोंदीवर राहील, कारण तिथे तुमचा फोन केव्हा आला आणि तो नगरपरिषदेच्या केंद्राकडे केव्हा पाठवला गेला, याची वेळ असते. माहिती अधिकाराखाली दोन स्वतंत्र अर्ज करा. एक पोलिसांकडे, 112 वरील त्या रात्रीच्या घटनेच्या नोंदीसाठी, आणि दुसरा नगरपरिषदेकडे, 9 मार्चच्या रात्रीचे केंद्रावरील हजेरीपत्रक, फोन नोंदवही, बंबाची लॉगबुक आणि 101 च्या लाइनच्या मागील वर्षातील दुरुस्ती व बिलांच्या नोंदी यांसाठी. उत्तराला तीस दिवस लागतात आणि अनेकदा अपील करावे लागते, तेव्हा दावा या उत्तरांसाठी थांबवू नये. शेजाऱ्यांनी काढलेले व्हिडिओ असतील तर मूळ फोन जपून ठेवायला सांगा, कारण भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र द्यावे लागेल आणि मूळ उपकरण हाती असले की ते देणे सोपे जाते.

इथपर्यंत मी ठामपणे लिहिले, यापुढे तसे लिहिता येत नाही. स्थानिक संस्थेच्या निष्क्रियतेबद्दल भरपाई मिळेल का, यावर आपल्याकडील कायदा वादीला फारसा अनुकूल नाही. रतलाम नगरपरिषदेच्या 1980 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पैसे नाहीत या सबबीखाली बंधनकारक कर्तव्य टाळता येत नाही असे म्हटले, आणि कर्मचारी कमी होते या बचावाला ते उत्तर म्हणून तुम्ही वापरू शकाल, परंतु तो निकाल सार्वजनिक उपद्रव दूर करण्याच्या आदेशाचा होता, भरपाईचा नव्हता. उलट राजकोट महानगरपालिकेच्या 1997 च्या निकालात रस्त्याकडेचे झाड पडून झालेल्या मृत्यूबद्दल महापालिकेला जबाबदार धरले गेले नाही. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाच्या आगीच्या प्रकरणात 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहाचे मालक आणि वीज मंडळ यांच्यावर भरपाई ठेवली, परवाना देणारा अधिकारी आणि महानगरपालिका यांना मात्र भरपाईतून वगळले. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने 1997 मध्ये असे म्हटले की, फोन आला म्हणून धावून जाण्याचे, सामान्य कायद्यानुसार (म्हणजे न्यायालयीन निकालांतून घडलेल्या ‘कॉमन लॉ’नुसार) भरपाई मागता येईल असे, कर्तव्य अग्निशमन दलावर नाही. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नसला तरी तुमच्यासमोर वाचून दाखवला जाईल. तुमचे उत्तर असे असले पाहिजे की, इथे कर्तव्य सामान्य कायद्यातून नव्हे, कलम 49 मधून येते, आणि लोकांना ‘101 वर फोन करा’ असे सांगून नगरपरिषदेने त्या फोनवर विसंबायला लावले. हे उत्तर न्यायालय स्वीकारील का, हे मला निश्चितपणे सांगता येत नाही.

त्याहून अवघड भाग नुकसानाचा आहे. दुकान आग लागल्यामुळे जळाले, फोन न उचलल्यामुळे नाही, असे नगरपरिषद म्हणेल, आणि दुकानापुरते ते बरोबर असू शकते. म्हणून मागणी सगळ्या मालाची करू नका. बंब वेळेवर आला असता तर काय वाचले असते, एवढ्याचीच करा, आणि ते बहुधा मागचे गोदाम आहे. आग गोदामापर्यंत केव्हा पोहोचली हे सांगणारे शेजारी, तहसील कार्यालयाचा पंचनामा, विद्युत निरीक्षकाचा अहवाल आणि खरेदीची बिले यांवर हा भाग उभा राहील. मागणी मर्यादित ठेवल्याने दाव्याच्या रकमेनुसार लागणारे न्यायालय शुल्कही कमी होईल. तुम्ही विमा फेब्रुवारीत नूतनीकृत केला नाही, ही गोष्ट नगरपरिषदेच्या कसुरीला माफी देत नाही, पण तुमचा सर्वांत खात्रीचा मार्ग त्यामुळेच बंद झाला, हे मान्य करावे लागेल. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार जानेवारी व जुलैमध्ये द्यावयाचे, आगप्रतिबंधक यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र तुमच्या इमारतीला लागू होते का, हेही वकिलाला तपासायला सांगा. लागू असून दिलेले नसेल तर तुमच्या स्वतःच्या कसुरीचा मुद्दा उलट तुमच्यावर येईल.

ग्राहक आयोगात दोन वर्षांची मुदत आहे म्हणून तिकडे जावे, असे तुम्हाला सुचवले गेले आहे. घरपट्टीत अग्निकर भरला म्हणजे अग्निशमनाची सेवा मोबदल्याने घेतली, हा युक्तिवाद टिकेल याची मला फारशी आशा नाही, आणि तो फेटाळला जाईपर्यंत दिवाणी मुदत निघून गेलेली असेल. उच्च न्यायालयात भरपाईसाठी रिट याचिका करणेही, वस्तुस्थिती विवादित असल्याने, पहिला मार्ग म्हणून योग्य वाटत नाही. मात्र 101 ची लाइन चोवीस तास माणसासह चालू ठेवावी, एवढ्याच आदेशासाठी रिट किंवा जनहित याचिका हा वेगळा विषय आहे. तिला सहा महिन्यांचे बंधन नाही, आणि माहिती अधिकारातून त्या रात्री केंद्रावर फोनजवळ कोणीही नेमलेले नव्हते असे निघाले, तर ती भरपाईच्या दाव्यापेक्षा अधिक भक्कम ठरू शकते. लोकायुक्तांकडे तक्रारही करता येईल, पण तिथून शिफारस मिळते, हुकूमनामा नाही.

दिवाणी दाव्याला किती वर्षे लागतील, हे सांगण्याचे मी टाळतो. उपहारची आग 13 जून 1997 ची होती आणि भरपाईचा अंतिम निर्णय ऑक्टोबर 2011 मध्ये आला, तोही देशभर गाजलेल्या प्रकरणात. ही दिरंगाई अक्षम्य आहे आणि तिचा भार तुमच्यासारख्यांवरच पडतो, पण तिच्याकडे बोट दाखवून नोटीस लांबवता येणार नाही. तेव्हा मुख्याधिकाऱ्यांची आणखी एक भेट घेण्याचा विचार सोडून द्या, या आठवड्यात तालुक्याच्या न्यायालयातील दिवाणी काम करणारा वकील गाठा, त्याला 304, 15(2) आणि 29(2) ही तीन कलमे दाखवा, आणि नोटिशीच्या पोचेची प्रत स्वतःकडे ठेवा.