प्राचीन सस्तन-नातलगाच्या कवटीची प्रतिकृती घ्यायची तर लिस्ट्रोसॉरसची घ्या

तुम्ही विचारलंय की सस्तन प्राण्यांच्या एखाद्या प्राचीन नातलगाच्या कवटीची प्रतिकृती संग्रहासाठी हवी आहे, राहायला मुंबईत आहात, तर कोणती घ्यावी आणि पैसे देण्याआधी काय तपासावं.

बरेच जण लांब सुळ्यांच्या गोरगोनॉप्सियन या शिकाऱ्यावर किंवा पाठीवर शिड असलेल्या डायमेट्रोडॉनवर भाळतात. दोन्ही देखणे आहेत, पण मी लिस्ट्रोसॉरस हा चोचीचा, दोन सुळ्यांचा शाकाहारी प्राणीच सुचवेन, कारण तो आपल्याकडचा आहे. बंगालमधल्या राणीगंज कोळसा पट्ट्यातल्या पंचेत नावाच्या खडकांच्या थरांत त्याचे अवशेष मिळतात. तोच दक्षिण आफ्रिकेच्या कारू खोऱ्यात मिळतो आणि १९६९ साली तो अंटार्क्टिकातही सापडला. हा काही महासागर पोहून जाणारा प्राणी नव्हे. म्हणजे हे सगळे भूभाग तेव्हा जोडलेले होते, याचा तो जिता-जागता म्हणावा असा पुरावा! शिवाय सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीच्या सर्वांत मोठ्या महाविनाशातून हे कुळ तरलं.

फोटो बघताना आधी डोळ्याच्या खोबणीमागे बघा. तिथे प्रत्येक बाजूला हाडात एकच मोठी खिडकी, म्हणजे आरपार भोक, दिसली पाहिजे. डायनासोर आणि मगरींच्या कुळात अशा दोन असतात. आपल्या कानशिलावर बोटं ठेवून दात घट्ट आवळा. बोटांखाली फुगतो तो जबड्याचा स्नायू याच जागेचा वारसा आहे. डायमेट्रोडॉनलाही अशी एकच खिडकी असते, म्हणूनच त्याला डायनासोर म्हणून विकणारे मला सहन होत नाहीत. मग थोबाड बघा. ते एकदम खाली वळलेलं, नाकपुड्या वर डोळ्यांकडे सरकलेल्या, आणि वरच्या जबड्यात फक्त दोन सुळे. बाकी दात नाहीत, कारण पुढे चोच होती. ती जीवाश्मात टिकत नाही, पण जिथे ती बसायची तिथलं हाड खडबडीत दिसतं. प्रतिकृतीत तो भाग गुळगुळीत असेल तर साचा बारकाईने घेतलेला नाही.

जीवाश्म कोट्यवधी वर्षं दगडाखाली दबलेले असतात, त्यामुळे अस्सल नमुन्यावरून ओतलेली कवटी बहुधा किंचित तिरकी असते. दोन्ही बाजू अगदी हुबेहूब सारख्या असतील तर ती कुणीतरी घडवलेली किंवा बरीच दुरुस्त केलेली असणार. त्यात वाईट काही नाही, फक्त विक्रेत्याने तसं सांगायला हवं. साचा कोणत्या संग्रहालयातल्या नमुन्यावरून घेतला, नमुना क्रमांक काय आणि कुठला भाग नंतर भरला, हे त्याला सरळ विचारा.

आता मुंबईचं. प्लास्टरची घेऊ नका. जुलै-ऑगस्टात ती ओल धरते, कडा भुगा होऊन पडायला लागतात आणि बुरशीचे काळे ठिपके येतात. पॉलियुरेथेन रेझिनची ओतीव कवटी इथे उत्तम टिकते. थ्रीडी प्रिंट स्वस्त पडते, पण तिच्यासाठी नेहमी वापरतात ते पीएलए प्लास्टिक साधारण ६० अंशांना मऊ पडतं, म्हणून मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका. माझ्या लिस्ट्रोसॉरसचा एक सुळा कुरिअरमध्ये मुळाशी तुटला होता. लालबागच्या एका मूर्तिकाराने दोन्ही तुकड्यांत बारीक भोक पाडून तार घातली, इपॉक्सीने जोडलं आणि जोडावर रंग देताना पांढऱ्यात आधी थोडा गेरू मिसळला. जोड कुठे आहे ते आता मलाही शोधावं लागतं. अशी माणसं शेजारी असणं हे या शहराचं मोठं सुख आहे.

खरा जीवाश्म कुणी देऊ केला तर नाही म्हणा. दक्षिण आफ्रिकेत १९९९ च्या कायद्याने जीवाश्म ही सरकारची मालमत्ता आहे आणि परवान्याशिवाय ते देशाबाहेर नेता येत नाहीत.

घर लहान असेल तर थ्रिनॅक्सोडॉन हा सस्तनांचा छोटा प्राचीन नातलग बघा. त्याची कवटी हाताच्या पंज्यात मावते आणि पटाशीचे दात, सुळे, दाढा असे वेगवेगळे दात तिच्यात स्पष्ट दिसतात. मात्र तिचाही नमुना क्रमांक मिळाल्याशिवाय पैसे पाठवू नका.