बसच्या टपावरचे सोलर आणि मुक्कामाच्या ठिकाणची वीज

आपला प्रश्न असा आहे की, जुन्या २४ आसनी बसमध्ये राहण्याची सोय करताना टपावर सोलर पॅनेल बसवायची आणि मुक्कामाच्या ठिकाणी तिथली वीजही जोडायची असेल, तर किती क्षमतेचे सामान घ्यावे आणि दोन्हींची सांगड कशी घालावी. सोलापुरात मी अशीच एक बस तयार करून घेतली आहे. त्या अनुभवावरून सांगतो की सोलरचा भाग वाटतो त्याहून सोपा आहे. आपण प्रश्नात जिला जेमतेम अर्धी ओळ दिली आहे, ती बाहेरच्या विजेची जोडणीच जिवाशी गाठ घालणारी आहे.

फ्रिज, दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, दिवे, पंप, लॅपटॉप आणि उन्हाळ्यात छोटा कूलर असे धरून मला दिवसाला अडीच युनिट वीज लागते. त्यासाठी ५४० वॅटची दोन पॅनेल पुरतात. पॅनेलच्या मागे लिहिलेले वॅट २५ अंश तापमानाचे असतात आणि त्यावरच्या प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के उत्पादन घटते, त्यामुळे आपल्याकडच्या मे महिन्यात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापले की सातवा हिस्सा तिथेच जातो. म्हणून पॅनेल पत्र्याला चिकटवू नयेत, खालून वारा खेळेल इतकी मोकळी जागा ठेवावी. ती तिरकी करण्याची यंत्रणा मात्र इथे अनावश्यक आहे, कारण मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सपाट पॅनेलला थोडाफार तोटा होतो तो हिवाळ्यातच. त्याहून जास्त तोटा धुळीने होतो.

परदेशी व्हिडिओ पाहून अनेक जण १२ व्होल्टची जुळणी करतात. आपल्या बसची मूळ यंत्रणा बहुधा २४ व्होल्टची असेल, तेव्हा राहण्याच्या भागाची बॅटरीही २४ चीच घ्यावी. २ किलोवॅटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर १६५ अँपिअरहून अधिक प्रवाह ओढतो, २४ वर त्याच्या निम्मा, आणि तारा, त्यांच्या टोकाचे लग, फ्यूज सगळेच त्या मानाने आटोक्यात राहते. माझी लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी आठ सेलची, २५.६ व्होल्ट आणि २०० अँपिअर-अवरची, म्हणजे सुमारे पाच युनिटांची आहे. ती डिकीत न ठेवता आत, सावलीत ठेवली आहे, कारण साधारण ४५ अंशांपुढे अशा बॅटरीचे चार्जिंग टाळावे लागते आणि उन्हात उभ्या बसची डिकी तो आकडा सहज ओलांडते. आणखी एक, अशा पॅनेलचे मोकळे, म्हणजे भार न जोडतानाचे, व्होल्टेज ५० च्या घरात असते. दोन पॅनेल सिरीजमध्ये, म्हणजे व्होल्टेजची बेरीज होईल अशी, जोडून १०० व्होल्टच्या एमपीपीटीला (पॅनेलच्या विजेने बॅटरी चार्ज करणाऱ्या कंट्रोलरला) दिली, तर थंडीतल्या सकाळी व्होल्टेज वाढून कंट्रोलर जळू शकतो. ती पॅरललमध्ये जोडावीत.

आता बाहेरची वीज. इंग्रजीत तिला शोअर पॉवर म्हणतात, बंदरात उभ्या जहाजाला किनाऱ्यावरून देतात त्या विजेवरून. बस रबरी टायरांवर उभी असते, म्हणजे तिचा लोखंडी सांगाडा जमिनीपासून तुटलेला असतो. एकदा पुणे रस्त्यावरच्या एका धाब्यावर मी वायर जोडली आणि ओल्या जमिनीवर उभे राहून दाराची मूठ धरताच हाताला झिणझिण्या आल्या. सॉकेटला तीन भोके होती, पण अर्थिंगच्या भोकामागे तारच नव्हती. चार्जरच्या फिल्टरमधून झिरपणारा किंचित प्रवाह सांगाड्यावर साचून माझ्या अंगातून जमिनीत जात होता. तो किरकोळ होता म्हणून निभावले. खरोखर फेजची तार बॉडीला लागली असती, तर अर्थिंगअभावी एमसीबी (प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) पडला नसता आणि अख्खी बस जिवंत तार झाली असती.

म्हणून वायर आत शिरते तिथेच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (प्रवाह जमिनीकडे गळू लागताच वीज तोडणारा स्विच) आणि फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल पोल एमसीबी बसवावा, कारण धाब्यांवर या दोन तारा उलट जोडलेल्या सर्रास सापडतात. अर्थिंगची तार सांगाड्याला घट्ट बोल्टने जोडावी. इन्व्हर्टर आणि बाहेरची वीज एका वेळी एकच चालू राहील असा मधे ‘बंद’ स्थिती असलेला डबल पोल चेंजओव्हर स्विच हवा, किंवा हे काम स्वतः करणारा इन्व्हर्टर-चार्जर. इन्व्हर्टरवर चालताना न्यूट्रल सांगाड्याला जोडलेला असावा, नाहीतर आतला आरसीसीबी शोभेचा ठरतो. बाहेरची वीज येताच मात्र ती जोडणी सुटली पाहिजे. हे काम हौशी माणसाने करू नये, मीही परवानाधारक वायरमनकडूनच करून घेतले.

बदलांची मंजुरी आरटीओकडून आधीच घ्यावी. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ त्यासाठीच आहे.

केबल २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची घ्यावी आणि वापरताना पूर्ण उलगडावी, कारण गुंडाळी केलेली केबल चार्जर व कूलरच्या भाराने तापून वितळू शकते. मी तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर स्टीअरिंगजवळच्या कप्प्यात ठेवतो. त्याने अर्थिंग नाही असे दाखवले, तर त्या रात्री कूलर बंद ठेवून पंखे बॅटरीवर चालवतो आणि वायर बाहेर काढतच नाही.