पोरगी जर्मनीत, जीव नागपुरात

प्रश्न : ताई, मुलगी कॉलेजच्या ग्रुपसोबत जर्मनीला गेलीय आणि मी इकडे मनीषनगरात सासूबाईंच्या गोळ्या, धाकट्याचा डबा-ट्यूशन सांभाळत सारखी तिचं लोकेशन बघते, काल ते बराच वेळ हललंच नाही तर हातपाय गळाले. काय करू?

उत्तर : अगं, जीव तुटणारच, पोटची पोर आहे ना! पण बॅटरी सेव्हर लागला, नेट गेलं, ट्रेन बोगद्यात शिरली तरी तो ठिपका जागच्या जागी राहतो, म्हणून फक्त त्यावरून घाबरू नको. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, मग साडेचार, म्हणजे आत्ता तिचे सकाळचे 8 वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेअकरा, धाकटा शाळेत, स्वयंपाक आटोपलेला, तीच वेळ बोलायची ठरव आणि सासूबाईंनाही दे फोन, त्यांनाही नातीची काळजी असतेच, सांगत नाहीत इतकंच. रात्री आपल्या 11 ला तिकडे साडेसातच, ती फिरतच असणार. पासपोर्ट, व्हिसा, इन्शुरन्सचे फोटो तुझ्याकडेही असू दे. तिकडे अँब्युलन्ससाठी आपल्यासारखाच 112 लागतो, पोलिसांसाठी मात्र 110, पासपोर्ट हरवलाच तर पोलिसांत तक्रार आणि भारतीय दूतावास, हे तिला आजच सांग.