वाचकांचे प्रश्न : महापालिकेच्या हद्दीतला पाडा आणि इंटरनेटचा सरकारी निधी

प्रश्न : आमचा पाडा येऊरच्या जंगलात, पण ठाणे महापालिकेच्या हद्दीत आहे. मोबाइलला रेंज नसल्याने प्रवेशअर्ज भरण्यासाठी मुलांना उपवनपर्यंत खाली उतरावे लागते. खासगी कंपनीने ‘ग्राहक कमी, जमीन वनखात्याची’ असे सांगून केबल टाकण्यास नकार दिला. शहापूर-मुरबाडला भारतनेटची (खेडोपाडी इंटरनेट नेणाऱ्या केंद्राच्या योजनेची) केबल जाते, मग आम्हाला का नाही?
– एक वाचक, येऊर (ठाणे)

उत्तर : भारतनेटचा सारा हिशेब ग्रामपंचायतींवर बेतलेला आहे आणि महापालिका हद्दीत ग्रामपंचायतच नसल्याने आपला पाडा त्या यादीत येत नाही. अर्थात, शहापूर-मुरबाडचे डोंगरही दुरूनच साजरे आहेत. मूळ आराखड्यात केबल ग्रामपंचायत कार्यालयातल्या पेटीपर्यंतच यायची. तिथली वीज गेली की सेवा बंद पडायची आणि दूरचे पाडे तर कोरडेच राहायचे. म्हणूनच ऑगस्ट 2023 मध्ये 1,39,579 कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. ग्रामपंचायतीचे मुख्यालय नसलेल्या गावांनाही मागणीनुसार जोडणी आणि दहा वर्षांची देखभाल या बाबी त्यात आहेत.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो या कामामागचा निधी. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित (ठरावीक वजावटींनंतरच्या) महसुलाच्या पाच टक्के रक्कम त्यात जमा होते, म्हणजे आपल्या रिचार्जमधलाही काही वाटा तिथे जातो. पूर्वी हा निधी ग्रामीण आणि दुर्गम भागांपुरता मर्यादित होता. दूरसंचार अधिनियम, 2023 ने त्याला ‘डिजिटल भारत निधी’ हे नाव दिले आणि सेवेपासून वंचित असलेले शहरी भागही त्याच्या कक्षेत आणले. कायदा रुंदावला तरी योजना अजून बव्हंशी ग्रामीण साच्यातच आखल्या जातात, त्यामुळे महापालिकेने स्वतःहून प्रस्ताव पाठवल्याखेरीज काही हलेल असे मला वाटत नाही.

वनजमिनीची सबब मात्र पूर्णतः खरी नाही. वनहक्क कायदा, 2006 च्या कलम 3(2) नुसार शाळा, अंगणवाडी, पाणीपुरवठा यांच्याबरोबर दूरसंचार वाहिनीसाठीही वनजमीन देता येते. प्रत्येक कामासाठी जमीन एक हेक्टरपेक्षा कमी असावी, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडे तोडावी लागू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी, अशा अटी आहेत. राष्ट्रीय उद्यानातली जमीनही या कायद्याच्या व्याख्येत येते. यातली मेख अशी की सुविधा शासनाच्या व्यवस्थापनाखालची असावी लागते. त्यामुळे खासगी कंपनीमागे हेलपाटे घालण्यापेक्षा सरकारी दूरसंचार कंपनीमार्फत मागणी करणे श्रेयस्कर.

केबल पाड्यातल्या एका ठिकाणी पोहोचली तरी पुढचे काम सोपे आहे. डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी या सार्वजनिक वायफायच्या योजनेत किराणा दुकानदारही परवान्याशिवाय वायफाय विकू शकतो. महापालिका आयुक्तांना द्यायच्या अर्जात घरांची संख्या, शाळा-अंगणवाडीची जागा आणि सर्वांत जवळची केबल कुठे संपते ते नकाशासह लिहावे, वनहक्क समिती असल्यास तिचा ठराव जोडावा आणि अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यावी.